कम्युनियनच्या वेळी तो बाकावरून उठत नाही

प्रश्न : आम्ही वसईतले. रविवारी सकाळच्या मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, घरातले सगळे एकत्र जातो. माझा मोठा मुलगा ३३ वर्षांचा आहे. लहानपणी तो वेदीसेवक होता, मिस्सेत फादरांना मदत करायचा. गेलं दीड वर्ष तो मिस्सा एकदाही चुकवत नाही, गाणी म्हणतो, गुडघ्यांवर बसतो, पण कम्युनियनच्या वेळी, म्हणजे सगळे रांगेने पवित्र भाकर घ्यायला वेदीकडे जातात तेव्हा, जागचा हलत नाही. एकदा मी कोपराने ढोसलं, तर "आई, तू जा" एवढंच म्हणाला. मागच्या बाकावरच्या बायका आता कुजबुजतात. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात काहीतरी मोठं पाप केलं असणार. खरं तर त्या स्वतःही महिन्यातून एखाद्या वेळीच कम्युनियन घेतात. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी चांगली आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून हिंदू आहे, स्वभावाने गोड आहे. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं आणि दोन्हीकडच्यांनी मिळून जेवण दिलं, त्यामुळे त्यातही काही लपवाछपवी नाही. लोक कम्युनियन का घेत नाहीत? मी फादरांना विचारू का? नाताळच्या मिस्सेला सून यायचं म्हणते आहे. तिला रांगेत नेऊ का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात आणि बहुधा उत्तर तिथेच आहे. त्याकडे येऊच. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. बाकावर बसून राहिलेल्या माणसाकडे पाहून त्याच्या मनात काय चाललंय, हे ना तुम्हाला कळणार, ना आम्हाला, ना मागच्या बाकावरच्या बायकांना. कारणं इतकी वेगवेगळी असतात की अंदाज करणाऱ्याचा अंदाज चुकण्याचीच शक्यता जास्त.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. रविवारी चर्चचा नियम मिस्सेत सहभागी होण्याचा आहे, कम्युनियन घेण्याचा नाही. कम्युनियनची सक्ती वर्षातून एकदाच, तीही शक्यतो पुनरुत्थान काळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत. तेव्हा तुमचा मुलगा दर रविवारी येतो आणि बाकावर बसून राहतो, तेव्हा तो कोणताही नियम मोडत नाही. उलट आपण योग्य स्थितीत नाही असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने न उठणं हेच चर्चला अपेक्षित आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते हेच : माणसाने आधी स्वतःला पारखावं आणि मगच ती भाकर खावी, त्या प्याल्यातून प्यावं. तुमच्या मुलाने ती पारख केली असावी. त्याला त्या भाकरीचं मोल कळत नाही म्हणून तो बसला आहे, असं समजू नका. मोल कळत नसतं तर रांगेतून जाऊन येणं त्याला काय जड होतं?

मग हे इतकं डोळ्यांवर का येतं? कारण आता रांग लागली की बाकंच्या बाकं रिकामी होतात. हे फार जुनं नाही. मध्ययुगात लोक वर्षानुवर्षं कम्युनियन घेत नसत, म्हणून १२१५ साली बिशपांच्या (चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या) लॅटरनच्या चौथ्या परिषदेला 'वर्षातून एकदा तरी घ्या' असा नियम करावा लागला. पुढे १७व्या शतकात फ्रान्समध्ये यान्सेनवाद्यांनी, म्हणजे कडक विचारांच्या एका कॅथलिक गटाने, अशी धास्ती घातली की भले भले सज्जन लोकही स्वतःला अपात्र समजून दूर राहू लागले. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी ती भीती मोडून काढली. गंभीर पाप मनावर नसेल आणि हेतू शुद्ध असेल, तर रोजसुद्धा घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९१० साली त्यांनी पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं. तरी घराघरांतली सवय सुटायला आणखी दोन पिढ्या गेल्या.

सासूबाईंचं कोडं इथेच उलगडतं. त्या लहान होत्या तेव्हा कम्युनियनआधीचा उपास मध्यरात्रीपासून असे आणि बहुधा त्यांच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळी पाण्याचा घोटसुद्धा चालत नव्हता. पाण्याची मोकळीक १९५३ साली मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. त्या काळी आदल्या संध्याकाळी पापनिवेदन करायचं, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायची, आणि सकाळी कम्युनियन घ्यायचं, अशी जोडीच असे. या आठवड्यात पापनिवेदन झालं नाही, तर पुढे जायचं नाही. सासूबाई आजही बहुधा तोच हिशेब पाळतात. त्यात खोट काही नाही, पण आजच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कम्युनियनआधी पापनिवेदन लागत नाही. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तरच लागतं. त्यांना हे प्रेमाने सांगा. आणि हेही सांगा की वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना तासाभराचा उपासही बंधनकारक नाही. गोळी घेण्यासाठी त्यांनी सकाळी चहा-बिस्किट खाल्लं, तरी त्या पुढे जाऊ शकतात.

उपासाचा विषय निघालाच आहे, तर त्यातला नेहमीचा घोळही निस्तरू. तो एक तास मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा नाही, कम्युनियन घेण्याच्या क्षणापासून मोजायचा. रविवारच्या मिस्सेत प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, गाणी धरून कम्युनियनला साधारण ४५ मिनिटं लागतात. म्हणजे सातच्या मिस्सेला पावणेसातपर्यंत खाणं संपवलं तर चालतं. पण साध्या दिवसाच्या मिस्सेत २०-२५ मिनिटांतच रांग लागते, तिथे घरून चहा पिऊन निघालेला माणूस अडकतो. पाणी आणि औषध यांनी उपास मोडत नाही. दुधाचा चहा, ज्यूस, लिमलेटची गोळी यांनी मोडतो. कित्येकदा बाकावर बसलेल्या माणसाची 'भानगड' एवढीच असते : निघताना त्याने अर्धी पोळी तोंडात टाकलेली असते.

दुसरं साधं कारण लग्नसराईत दिसतं. एका दिवसात कम्युनियन दोनदाच घेता येतं आणि दुसऱ्यांदा तेही मिस्सेत पूर्ण सहभागी होऊनच. सकाळी रविवारची मिस्सा, दुपारी कुणाचं दफन, संध्याकाळी लग्न, असा दिवस असेल तर तिसऱ्या मिस्सेला जाणकार माणूस बसून राहतो.

तब्येतीचीही कारणं असतात, ती लोक सांगत नाहीत. गव्हातलं ग्लुटेन ज्यांना चालत नाही, त्यांचा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण मिस्सेची भाकर गव्हाचीच असावी लागते. तांदळाची किंवा पूर्ण ग्लुटेनमुक्त भाकर चर्चमध्ये ग्राह्य नाही. अगदी कमी ग्लुटेन असलेल्या गव्हाच्या भाकरी मात्र मिळतात आणि त्या चालतात. त्याही सोसत नसतील, तर फक्त द्राक्षारस घेता येतो. इथे चूक होते ती अशी : फादर भाकर मोडतात तेव्हा तिचा एक तुकडा आपल्या प्याल्यात टाकतात, म्हणून त्याच प्याल्यातून अशा माणसाला दिलं तर त्रास व्हायचा तो होतोच. वेगळा, छोटा प्याला लागतो आणि ते मिस्सेआधीच जाऊन फादरांना सांगून ठेवावं लागतं. दारू सोडलेल्या माणसाचं याच्या नेमकं उलट : त्याने प्याल्याकडे वळूच नये, नुसती भाकर घ्यावी. भाकर किंवा द्राक्षारस, एका रूपातही ख्रिस्त संपूर्ण असतो, अर्धं कम्युनियन अशी गोष्टच नाही.

आता मुख्य कारण, ज्याकडे सासूबाईंचा रोख आहे. गंभीर पापाची जाणीव असताना पापनिवेदन न करता कम्युनियन घेऊ नये, हा नियम आहे आणि तो खरा आहे. (अगदी गंभीर कारण असेल आणि पापनिवेदनाची सोयच नसेल, तर मनापासून पश्चात्ताप करून, शक्य तितक्या लवकर पापनिवेदन करीन असा निश्चय करून घेता येतं.) पण गंभीर पाप म्हणजे काय? तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृत्य खरोखर गंभीर असणं, ते गंभीर आहे हे करताना नीट ठाऊक असणं आणि तरीही स्वतःच्या पूर्ण मर्जीने ते करणं. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी कम्युनियनचा रस्ता अडत नाही. मुलांवर ओरडलो, सासूला उलट बोललो, प्रार्थनेत लक्ष लागलं नाही, यासाठी बाकावर बसायचं कारण नाही. अशा लहानसहान दोषांवर कम्युनियन स्वतःच औषध आहे. मिस्सेच्या सुरुवातीला सगळी मंडळी मिळून क्षमा मागते, तीही अशाच दोषांसाठी. काही हळव्या मनाची माणसं मात्र प्रत्येक चुकलेल्या विचाराला गंभीर पाप समजून महिनोन्‌महिने मागे राहतात. त्यांनी दर वेळी नवीन फादर शोधू नये. एकाच फादरांकडे जावं आणि ते सांगतील ते मानावं. या दुखण्याला तोच उपाय लागू पडतो.

भाऊबंदकीचं कारणही आपल्याकडे कमी नाही. वाडीच्या हद्दीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, तो दोन बाकं पुढे बसला आहे, शांतीची खूण करायला हात पुढे होत नाही. अशा वेळी कुणाला वाटतं की आधी हे मिटवावं, मग वेदीकडे जावं. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू हेच सांगतो : अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. या माणसाला नुसतं "जा, काही होत नाही" म्हणून रांगेत ढकलणं म्हणजे त्याचा समेट लांबवणं.

काही जणांचा विश्वासच डळमळलेला असतो. तरुण मूल गेलं, नवऱ्याचं निदान झालं, देवावर राग आहे. भाकर घेताना तोंडाने 'आमेन' म्हणायचं तर ते खोटं वाटतं, म्हणून ते पुढे जात नाहीत. तरीही मिस्सेला येतात, ही केवढी गोष्ट आहे.

घटस्फोटाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथल्या एका गैरसमजाने अनेक बायकांचं नाहक नुकसान होतं. कोर्टातून घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही. नवऱ्याने टाकलं, मारहाणीतून सुटायला वेगळं व्हावं लागलं आणि ती आज एकटी राहते आहे, अशा बाईला कम्युनियनची आडकाठी मुळीच नाही. तरी वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसून राहणाऱ्या बायका असतात, कारण कधीतरी कुणीतरी त्यांना 'आता तुला नाही' असं सांगितलेलं असतं. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिला हे आजच सांगा. अडचण येते ती घटस्फोटानंतर, पहिला जोडीदार हयात असताना, दुसरं लग्न केलं तर. तिथे धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, विवाह न्यायालयात पहिलं लग्न मुळातच वैध होतं का, हे तपासून घेता येतं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी दोन न्यायालयांचे एकसारखे निकाल लागत, आता एक पुरतो, आणि अगदी उघड प्रकरणांत बिशप स्वतः कमी वेळात निकाल देऊ शकतात. ते जमत नसेल, तर काय मार्ग निघतो हे फादरांजवळ शांतपणे, एकेका घराचं पाहून ठरवायचं. हे प्रश्न बाकावर बसून सुटत नाहीत आणि कुजबुजीने तर नाहीच.

आता तुमचं ते वाक्य. "लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, त्यामुळे त्यातही काही लपवाछपवी नाही." लपवाछपवी नाही, हे खरं. कायद्याने ते पूर्ण लग्न आहे, समाजानेही मान्य केलेलं आहे. पण कॅथलिक माणसाचं लग्न चर्चच्या नियमाप्रमाणे ग्राह्य धरायला दोन गोष्टी लागतात. धर्मगुरूंसमोर दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत वचनं दिली जावीत, आणि जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर बिशपांकडून आधी सूट घेतलेली असावी. नुसत्या रजिस्टर लग्नात हे दोन्ही राहून जातं. (अशा लग्नालाही आधीच बिशपांची परवानगी घेण्याची सोय आहे. ती तुमच्या मुलाने घेतली असेल तर अडचण काहीच नाही आणि त्याचं कारण वेगळं आहे.) परवानगी घेतली नसेल, तर चर्चच्या वहीत हे लग्न लग्न म्हणून उभं राहत नाही आणि म्हणून तो कम्युनियनला पुढे येऊ शकत नाही. आईच्या कानाला हे कडू लागणार. पण कडू भाग इथेच संपतो, कारण यावर उपाय आहे आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. फादर याला लग्न 'रेग्युलराइज' करणं म्हणतात.

सुनेला धर्म बदलावा लागत नाही. हे पहिलं वाक्य पाठ करून ठेवा, कारण बहुतेक जोडपी या एका गैरसमजापायी चर्चच्या ऑफिसची पायरी चढत नाहीत. दुसरा मोठा समारंभही करावा लागत नाही. मुलगा आणि सून दोघांनी मिळून धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना भेटायचं. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. लहानपणी घेऊन कपाटात ठेवलेला चालत नाही, गेल्या सहा महिन्यांतला ताजा काढावा लागतो, कारण त्याच्या समासात लग्नाची नोंद आहे की नाही ते पाहायचं असतं. रजिस्टर लग्नाचा दाखला, सुनेचा जन्माचा किंवा ओळखीचा पुरावा, आणि दोघंही याआधी दुसऱ्या कुणाशी लग्नबंधनात नव्हते याची खात्री, हेही लागतं. फादर दोघांशी वेगवेगळं बोलतात, अर्ज भरतात आणि सूट मिळवायला तो बिशप कार्यालयात पाठवतात. मंजुरी आली की दोन साक्षीदारांसमोर छोटासा विधी होतो. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्न असेल तर तो मिस्सेशिवायच करतात. घरचे चार लोक असले तरी पुरतात. त्याआधी मुलाने पापनिवेदन करून घ्यायचं. मग लग्नाच्या वहीत आणि बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद होते आणि कम्युनियनचा रस्ता मोकळा होतो. रजिस्टर लग्न कायद्याने आहे तसंच राहतं.

यात जोडपी अडखळतात ती मुलांच्या प्रश्नावर. कॅथलिक जोडीदाराला एक वचन द्यावं लागतं : मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी माझ्या हातात आहे ते सगळं करीन. हे वचन तुमच्या मुलाचं, सुनेचं नव्हे. तिला त्याची पूर्ण माहिती असावी, एवढंच हवं. पण फादरांच्या टेबलावर अर्ज समोर आल्यावर तिला हे पहिल्यांदा कळलं, तर तिला फसवल्यासारखं वाटणार आणि ते योग्यच असेल. तेव्हा हे बोलणं आधी त्या दोघांत, घरी झालेलं असावं. तुम्ही त्यात नसावं.

सुनेला चर्चमध्ये उभं राहून पुन्हा वचनं म्हणणं नको असेल तर? 'आमचं लग्न झालेलंच आहे, पुन्हा कशाला?' असं तिला किंवा तिच्या आईवडिलांना वाटू शकतं, आणि त्यात चूक काही नाही. त्यासाठी वेगळी वाट आहे. लॅटिनमध्ये तिला 'सानात्सिओ इन रादीचे' म्हणतात, म्हणजे मुळापाशीच दुरुस्ती. त्यात विधी नसतो आणि वचनं पुन्हा म्हणावी लागत नाहीत. दोघांचीही एकमेकांसोबत नवराबायको म्हणून राहण्याची संमती आजही टिकून आहे, एवढं दिसलं, मुलाने वरचं वचन दिलं आणि कारण पुरेसं असलं, की बिशप लेखी निर्णयाने ते लग्न ग्राह्य ठरवतात, आणि त्याचे परिणाम चर्चच्या दृष्टीने लग्नाच्या दिवसापासून धरले जातात. ही सोय अनेकांना माहीतच नसते, म्हणून फादरांपाशी ती नावानिशी विचारावी. एकच ठिकाण असं आहे जिथे दोन्ही वाटा अडतात : दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल आणि तो जोडीदार हयात असेल. ते लग्न हिंदू पद्धतीने झालेलं असलं आणि कोर्टातून मोडलेलं असलं, तरी चर्च त्याची दखल घेतं. तेव्हा आधी त्याचा निवाडा होतो आणि त्याला वेळ लागतो.

आता तुम्ही काय करायचं? फादरांना विचारू नका. मुलाने पापनिवेदनात काही सांगितलं असेल, तर ते फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, ते बंधन कधीही सुटत नाही. आणि खासगीत सांगितलं असेल, तर आईने मागून चौकशी केल्याचं कळल्यावर मुलगा पुन्हा त्यांच्याकडे जाणार नाही. त्याचा दाखलाही परस्पर काढून आणू नका, मदत म्हणूनसुद्धा नको. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे : मुलाशी एकदा बोलणं, एकटं असताना, मिस्सेच्या दिवशी नव्हे. मधल्या वारी तो भाजी आणायला निघाला, तुम्ही सोबत गेलात, तेवढा वेळ पुरे. प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. असं काहीसं सांगा : "तू कम्युनियनला येत नाहीस, त्याबद्दल मी तुला विचारणार नाही. कोपराने ढोसलं ते माझं चुकलं. फक्त एक गोष्ट मला नवीन कळली ती तुला सांगते. रजिस्टर झालेलं लग्न चर्चमध्ये नीट करून घेता येतं, तिला धर्म बदलावा लागत नाही, विधीसुद्धा करावाच लागतो असं नाही. तुमचं तुम्ही ठरवा." आणि मग विषय बदला. तो म्हणाला, "तसं काही नाही आई," तर तेही मान्य करा. दुसऱ्यांदा काढू नका. कदाचित त्याला हे सगळं ठाऊक असेल आणि तो बायकोच्या मनाची वाट पाहत असेल.

कम्युनियनच्या वेळी तुमचं वागणंही थोडं बदला. त्याला बाकाच्या मध्ये बसवलंत, तर येणाजाणाऱ्या प्रत्येकाला त्याचे गुडघे ओलांडावे लागतात आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. त्याला बाकाच्या कडेला बसू द्या. तो उभा राहून वाट देईल आणि पुन्हा बसेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. काही चर्चमध्ये स्वयंसेवक एकेक बाक उठवतात, तिथे ही काळजी जास्तच हवी. बसलेल्या वेळात त्याला करण्यासारखंही आहे. तोंडाने भाकर न घेता मनाने ख्रिस्ताला बोलावण्याची आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना जुनी आहे, संत आल्फोन्स लिगोरी यांनी ती लोकांपर्यंत पोचवली. ती करायला शब्द पाठ असावे लागत नाहीत. 'प्रभो, तू इथे आहेस हे मी मानतो, तू मला हवा आहेस, आज तुला या भाकरीत घेऊ शकत नाही, तरी माझ्या मनात ये,' एवढं पुरतं. पण हे त्याला तुम्ही शिकवू नका. वेदीसेवक राहिलेल्या मुलाला ते बहुधा ठाऊक असेल.

मागच्या बाकावरच्या बायकांना उत्तर देण्याची गरज नाही. कुणी थेट विचारलंच, तर "त्याचं तो आणि देव पाहतील" एवढं म्हणून पुढे चला. त्यांच्या बोलण्याचा खरा धोका वेगळा आहे. लाजेपोटी एखाद्या रविवारी तो उठून रांगेत जाऊन उभा राहील आणि लोकांसाठी कम्युनियन घेईल. त्यापेक्षा तो बाकावर बसलेला बरा.

राहिला नाताळ. सुनेला आवर्जून न्या, पण रांगेत नेऊ नका. कम्युनियन बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे. हे तिला मिस्सेच्या आधी घरी सांगा, म्हणजे ऐन वेळी गोंधळ होणार नाही : केव्हा उभं राहायचं, केव्हा बसायचं, शांतीची खूण केली की हात जोडायचे आणि लोक रांगेने निघाले की आपण बसून राहायचं. मध्यरात्रीच्या मिस्सेला गर्दी असते, रांगेच्या रेट्यात तीही पुढे ढकलली जाऊ शकते. तसं झालं तर कम्युनियन देणाऱ्यासमोर हात जोडून नुसती नकारार्थी मान हलवावी, ते समजतात. काही ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून आशीर्वादासाठी पुढे येण्याची पद्धत आहे. तुमच्या चर्चमध्ये ती नसेल तर तिच्यावर लादू नका. चुकून हातात भाकर आलीच, तर ती पर्समध्ये ठेवू नये, घरीही आणू नये, तिथल्या तिथे फादरांना परत द्यावी.

आणि त्या दोघांना शेजारी शेजारी बसू द्या, मुलगा बाकाच्या कडेला, सून त्याला लागून. सगळं बाक रिकामं होईल तेव्हा तो तिथे बसलेला असेल, म्हणून तिलाही परक्या जागी एकटं वाटणार नाही.